डॉक्टर, पाणी तर सगळं काढलं होतं!



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, डॉक्टर आज भलतीकडेच निघाले. कारण आज मी तुम्हाला पोर्तुगालमधल्या नाझारे नावाच्या गावी नेणार आहे. तिथे इमारतीएवढ्या लाटांवर फळी घेऊन घसरत येणारे लोक आहेत. पण लेखाच्या शेवटी आपण आपल्याच विहिरीच्या काठावर परत येऊ. मधला प्रवास का करायचा, ते आधी सांगतो.

इंटर्नशिपचे दिवस. मे महिना. ग्रामीण रुग्णालयात माझी ड्युटी होती. दुपारी एक जीप आली, मागे चार माणसं आणि त्यांच्या मांडीवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. विहिरीत पोहायला गेला होता. लोकांनी पाच-सात मिनिटांतच त्याला वर काढलं होतं. मग पाय धरून उलटं लटकवलं, गरगर फिरवलं, पालथं घालून पोट दाबलं. तोंडातून भरपूर पाणी आलं. मग जीप मिळवली आणि चाळीस मिनिटांचा रस्ता कापून आमच्याकडे आणलं. आम्ही बराच वेळ प्रयत्न केले. मुलगा गेला.

त्याच्या वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, पाणी तर सगळं काढलं होतं हो. मग असं कसं झालं?"

मी म्हणालो, "उशीर झाला." ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. खरं उत्तर मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. ते मला नाझारेच्या एका बचावाचं चित्रीकरण बघताना पुन्हा आठवलं, आणि तेच आज तुम्हाला देतो आहे.

नाझारेला लाटा एवढ्या मोठ्या का?

नाझारेच्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे. खोल समुद्रात ती सुमारे पाच हजार मीटर खोलीपर्यंत जाते आणि तिचं टोक थेट किनाऱ्याजवळ येतं. अटलांटिकमधून आलेल्या लाटांची ताकद या दरीमुळे एका ठिकाणी एकवटते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन श्टॉयट्नर या जर्मन खेळाडूने इथे ८६ फूट उंचीच्या लाटेवर स्वारी केली. म्हणजे साधारण आठ मजली इमारत.

अशा लाटेवर हातांनी पाणी मारत चढता येत नाही. जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, खेळाडूला दोरीने ओढून लाटेवर सोडते. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. खेळाडू पडला तर तीच जेट स्की, किंवा शेजारी थांबलेली दुसरी, त्याला उचलायला आत शिरते. दोन लाटांमध्ये वेळ मिळतो साधारण १५ ते २० सेकंद. तेवढ्यात माणूस शोधायचा, त्याला मागच्या हँडलवाल्या सपाट गादीवर ओढायचं आणि पुढची लाट कोसळायच्या आत बाहेर पडायचं.

हे तंत्र हवाई बेटांवरच्या जीवरक्षकांनी, विशेषतः ब्रायन केउलाना आणि टेरी आहुए यांनी, पुढे आणलं. त्याआधी जीवरक्षकाला स्वतः पोहत जावं लागे. जेट स्की पोहोचली तरी काम सोपं होत नाही. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस म्हणजे अर्धं पाणी, अर्धी हवा. त्यात माणूस नीट तरंगत नाही आणि जेट स्कीलाही पाण्याची पकड मिळत नाही. म्हणून किल्ल्यावरच्या दीपगृहाजवळ आणखी एक माणूस वॉकी-टॉकी घेऊन उभा असतो. खाली पाण्यात असलेल्याला फेसाच्या भिंतींपलीकडे काही दिसत नाही. वरचा माणूस सांगतो, "डावीकडे, आणखी पुढे, आता थांब, मोठी येतेय."

म्हणजे खेळाडू एक दिसत असला, तरी त्याच्या मागे साखळी असते: बघणारा, उचलणारा, आणि वाळूवर ऑक्सिजन घेऊन थांबलेला. यातला एक दुवा तुटला तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

तीन दिवस, तीन माणसं

२८ ऑक्टोबर २०१३. ब्राझीलची माया गबेरा नाझारेला पडली. पायाचं हाड मोडलं, लाटांनी तिला पुन्हा पुन्हा खाली दाबलं आणि तिची शुद्ध हरपली. तिचा जोडीदार कार्लोस बुर्ले याने जेट स्की सोडून पाण्यात उडी मारली आणि तिला ओढत किनाऱ्यावर आणलं. वाळूवर तिला सीपीआर दिला गेला. ती वाचली.

११ फेब्रुवारी २०२०. नाझारेची मोठ्या लाटांची स्पर्धा. पोर्तुगालच्या अ‍ॅलेक्स बोटेल्योला त्याच्या जोडीदाराने जेट स्कीवर उचललं होतं. म्हणजे बचाव झाला होता. तेवढ्यात दोन लाटा एकमेकींवर आदळल्या आणि जेट स्की दोघांसह हवेत उडाली. बोटेल्यो बेशुद्ध होऊन पाण्यात कित्येक मिनिटं तरंगत राहिला. बचावाच्या जेट स्की जवळ जात आणि लाटा त्यांना मागे ढकलत. अखेर त्याला किनाऱ्यावर आणलं, तिथेच उपचार सुरू झाले आणि तोही वाचला. त्याच स्पर्धेत, त्याच दिवशी, माया गबेराने ७३.५ फुटांच्या लाटेवर स्वारी करून महिलांचा विश्वविक्रम केला. सहा वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेली हीच ती माया!

५ जानेवारी २०२३. ब्राझीलचा मार्सियो फ्रेरे नाझारेला सराव करताना पडला. बचाव पथकाने त्याला किनाऱ्यावर आणलं, प्रयत्न केले, पण तो वाचला नाही. हेही सांगायलाच हवं. साखळी पूर्ण असूनही पाणी कधीकधी जिंकतं.

आता बोटेल्योच्या बचावाकडे डॉक्टरच्या नजरेने बघा. त्याला वाळूवर आणल्यावर कोणी उलटं लटकवलं नाही. कोणी पोट दाबलं नाही. त्यांना काळजी होती ती श्वासाची.

बुडताना शरीरात नेमकं काय होतं?

माणूस पाण्याखाली गेला की आधी श्वास रोखतो. मग नाइलाजाने श्वास घेतला जातो आणि थोडं पाणी श्वासनलिकेत जातं. रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. एक-दोन मिनिटांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो. हृदय मात्र त्यानंतरही काही वेळ मंद का होईना, चालू असतं. आणखी काही मिनिटांनी ते थांबतं.

हा क्रम लक्षात ठेवा. हार्ट अटॅकने अचानक कोसळलेल्या माणसात हृदय आधी थांबतं आणि रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणून तिथे फक्त छाती दाबली तरी सुरुवातीला चालतं. बुडालेल्या माणसात उलट आहे. ऑक्सिजन आधी संपतो, हृदय नंतर थांबतं. रक्तात ऑक्सिजनच नसेल तर नुसती छाती दाबून मेंदूकडे काय पाठवणार?

मग पोट दाबल्यावर बाहेर येतं ते पाणी कुठलं? ते बहुतेक जठरातलं असतं, गिळलेलं. फुप्फुसात पाणी तुलनेने थोडं जातं आणि त्यातलं बरंचसं रक्तात शोषलं जातं. ते दाबून काढता येत नाही, आणि काढायची गरजही नसते. उलट पोट दाबल्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत शिरते. सर्वांत मोठं नुकसान म्हणजे वेळ जातो.

मग करायचं काय?

१. स्वतः उडी मारू नका. तुम्ही प्रशिक्षित नसाल तर बुडणारा तुम्हाला घट्ट धरतो आणि दोघंही जातात. काठावर पालथं पडून काठी पुढे करा. दोर, साडी, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे तरंगेल ते टाका. मोठमोठ्याने मदत बोलवा.

२. बाहेर काढल्यावर उताणं झोपवा. हाक मारा, हलवा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर दुसऱ्याला १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा आणि तुम्ही कामाला लागा.

३. आधी श्वास द्या. डोकं मागे झुकवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड ठेवून एक-एक सेकंदाचे पाच श्वास द्या. छाती वर येते ना, ते बघा. (काही प्रशिक्षणांत दोन शिकवतात. तुम्ही जे शिकलात ते करा, पण आधी श्वास द्या.)

४. मग छाती दाबा. छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. ३० वेळा दाबा, २ श्वास द्या आणि हे चालू ठेवा.

५. तोंडातून फेस येत असेल तर पुसत बसू नका. श्वास देत राहा. उलटी झाली तर मात्र पटकन कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

६. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवून न्या. खोकला, दम, गुंगी पुढच्या काही तासांत वाढू शकते. बरं वाटतंय म्हणून घरी नेऊ नका.

दोन गोष्टी पालकांसाठी

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर राहत नाही, तर ओरडणार कसं? ते शांतपणे, काही सेकंदांत, खाली जातं. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडे बघायचं, मोबाइलकडे नाही. किल्ल्यावरचा तो वॉकी-टॉकीवाला आठवा.

दुसरं, "कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो" ही पैज बंद करा. मुलं बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची तगमग त्याच्यामुळेच होते. ती सूचनाच मिळाली नाही तर ऑक्सिजन संपून मूल पाण्याखाली बेशुद्ध होतं, तेही चांगलं पोहता येत असताना. मोठ्या लाटांवरचे खेळाडू श्वास रोखण्याचा सराव करतात तो प्रशिक्षकासमोर, शेजारी जोडीदार ठेवून.

त्या वडिलांसाठी

आपल्या विहिरीवर जेट स्की येणार नाही, शेततळ्याशेजारी ऑक्सिजन घेऊन कोणी उभं नसणार. पण नाझारेच्या वाळूवर सगळ्यात मोलाचं जे घडलं, त्याला यंत्र लागत नाही. त्याला लागतो एक माणूस, ज्याला श्वास द्यायचा हे माहीत आहे.

त्या जीपमध्ये चार माणसं होती. चारही धडधाकट, चौघांचाही त्या पोरावर जीव. चाळीस मिनिटं त्यांनी त्याला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. विहिरीच्या काठावरच पहिल्या मिनिटात कोणी श्वास दिला असता तर तो नक्की वाचला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्याला संधी मिळाली असती.

आज ते वडील भेटले तर मी त्यांना सांगेन, "काका, तुमची चूक नव्हती. पाणी काढायचं नसतं, श्वास द्यायचा असतो, हे तुम्हाला आम्ही कुणी कधी सांगितलंच नव्हतं."

तुम्हाला आता सांगितलं आहे. सुट्टीच्या आधी घरात एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि जवळपास सीपीआरचं प्रशिक्षण असेल तर अर्धा दिवस काढून नक्की जा.

काळजी घ्या.