प्राणवायूची मात्रा

औषधाला मात्रा असते हे आपण जाणतो. प्राणवायूलाही ती असते, हे सहसा ध्यानात येत नाही. हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांचे नातलग अतिदक्षता विभागाबाहेर आम्हांस गाठून विनवितात, "फादर, डॉक्टरांनी ऑक्सिजन कमी केला. त्यांनी आशा सोडली का?" या व्याकूळ प्रश्नाचे उत्तर धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के; परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठा मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नसतो. हृदय थांबताच काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. म्हणून हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नांत डॉक्टर प्राणवायू देण्यात हात आखडता घेत नाहीत.

प्रश्न उद्भवतो तो हृदय पुन्हा धडधडू लागल्यावर. उपासमार झालेल्या पेशींवर प्राणवायूचा लोंढा आला, तर फ्री रॅडिकल्स नावाचे विध्वंसक रेणू निर्माण होऊन वाचलेल्या पेशींनाही दुखवितात. १७७४ साली हा वायू वेगळा करणारे जोसेफ प्रीस्टली हे इंग्लंडमधील एक प्रॉटेस्टंट पाळक होते. शुद्ध प्राणवायूत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसे माणसाचे आयुष्यही लवकर सरेल की काय, अशी शंका त्यांनी त्याच काळात मांडली होती.

२०१० साली अमेरिकेतील १२० रुग्णालयांतील अशा ६,३२६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात प्राणवायू अतिरिक्त आढळलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्णालयातच दगावले. प्रमाण योग्य असलेल्यांपैकी ४५ टक्के. मग रुग्णवाहिकेतच तो कमी केला तर? ऑस्ट्रेलियात तसे करून पाहिले. २०२२ साली निष्कर्ष आले : प्रमाण ९० ते ९४ टक्क्यांवर ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले, तर ९८ ते १०० टक्क्यांवर ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के. घाईने केलेल्या काटकसरीत प्राणवायू नको इतका खाली घसरण्याचे प्रसंग वाढले होते.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचा सुवर्णमध्य आम्ही अभ्यासला. योग्य मात्रेइतकीच योग्य वेळही महत्त्वाची, हा त्यातील विवेक येथे प्रत्ययास येतो. खात्रीलायक मोजमाप होईपर्यंत मुक्तहस्ते द्यावे. नंतर मोजून द्यावे. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्यासाठी ९४ ते ९८ टक्के ही मर्यादा सांगितली आहे. बोटाला लावलेले यंत्र १०० दाखविते, तेव्हा रक्तातील प्राणवायू किती वर गेला आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून डॉक्टर धमनीतील रक्त तपासतात. प्राणवायू कमी करणारा तो हात आशा सोडणारा नसतो. मेंदू जपणारा असतो.

मात्र पहिली चार-पाच मिनिटे डॉक्टरांची नसतात, ती आपली असतात. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन लावावा आणि तत्काळ छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यावा : ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. अचानक हृदय थांबलेल्या माणसाच्या रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत पोहोचविण्यासाठी त्या घडीला घरात दुसरे यंत्र नसते. आपले हातच असतात.