तहाचे नाटक

लढायांची नाटके आपण मराठी माणसांनी पुष्कळ पाहिली. परंतु तहाच्या बैठकीवरच सारा खेळ उभा केला आहे, असे नाटक आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडते. हा विचार मनात आला तो 'ऑस्लो' या इंग्रजी नाटकामुळे. जे. टी. रॉजर्स या अमेरिकन नाटककाराचे हे नाटक २०१६ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि पुढील वर्षी त्यास टोनी पारितोषिक मिळाले. माझ्या भाचीने पुण्याहून त्याची प्रत पाठविली, आणि आमच्या बीडच्या घरी आठ दिवस रात्रीच्या जेवणानंतर तिचे अर्थासह वाचन झाले.

इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ति संघटना यांच्या प्रतिनिधींनी १९९३ साली नॉर्वेत गुप्तपणे केलेली बोलणी हा त्याचा विषय. टेर्ये रॉड-लार्सन व त्यांची पत्नी मोना यूल हे मध्यस्थ. त्यांचा दंडक साधा होता. बैठकीच्या खोलीत उभय पक्षांनी हवे तितके भांडावे, मध्यस्थाने आत पाऊल टाकू नये. मात्र बाहेर आल्यावर सर्वांनी एकत्र जेवावे आणि मुलाबाळांची विचारपूस करावी. पॅलेस्टाईनचे अहमद कुरेई आणि इस्रायलचे उरी साविर यांच्या मुलींचे नाव एकच, 'माया', असे निघते, तो प्रसंग तर फारच हृद्य आहे.

येथे आमच्या मातोश्रींनी वाचन थांबविले. "अरे, हे तर आपल्या आत्याबाईंनी केले होते!" त्या म्हणाल्या. गोष्ट खरी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडील व काका यांचे बोलणे बंद झाले, तेव्हा आत्या महिनाभर माहेरी येऊन राहिल्या. ओसरीवर वाटेल ते बोला, पण पंगत एकच होईल आणि वाढीन मी, असे त्यांनी बजाविले. पाळ्या ठरल्या, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. आज पुढच्या पिढीत तीच विहीर पुन्हा वादात आहे, चुलतभावाकडील लग्नाची पत्रिका यंदा आम्हांस आली नाही, आणि आत्या तर राहिल्या नाहीत. त्यामुळे वाचन पुन्हा सुरू झाले तरी ऐकणारांचे चित्त नॉर्वेत नव्हते.

काका-पुतण्याच्या तंट्यास आमचा जिल्हा काही नवा नाही. गेवराई तालुक्यात गोदातीरी राक्षसभुवन आहे. लोक तेथे शनीच्या दर्शनास जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे काय घडले, ते थोड्यांसच ठाऊक असते. आदल्या वर्षी राघोबादादांनी निजामाची कुमक घेऊन आळेगावी पुतण्याचा पाडाव केला होता. घर फुटून राज्य बुडेल, हे ओळखून माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले. वय अवघे सतरा! पुढे निजाम उलटला, पुणे लुटले-जाळले गेले, आणि राक्षसभुवनी गोदेला पूर असता त्याची फौज दोन तीरांवर दुभंगलेली सापडली. त्या रणात दादासाहेब वेढले गेले, तेव्हा त्यांना सोडविण्यास धावला तो हाच पुतण्या. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. सप्टेंबरात औरंगाबादेस तह झाला.

विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले; खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त तर नारायणरावांच्या वधानंतरचा काळ आहे. शोक आणि सूड यांना नाटककार मिळाले. मला मात्र आळेगावची ती भेट रंगभूमीवर पाहावयाची आहे. तंबूत समई, काका बसलेले, आणि हरलेला पुतण्या दाराशी. तेथे तलवारीचे काम नाही, म्हणूनच ते लिहिणे अवघड असावे.

ऑस्लोचा तह टिकला नाही, राबिन यांचा १९९५ साली खून झाला, मग नाटक कशाचे, असे धाकट्या बंधूंनी विचारले. मातोश्री म्हणाल्या, "राघोबा तरी कोठे सुधारला? पण मधली नऊ-दहा वर्षे राज्य चालले ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलतभावाकडे लग्नाच्या आहेराचे ताट पाठविले. ताट घेऊन मुलगा परत आला, तेव्हा ते रिकामे होते. काही निरोप आहे का, हे विचारण्याचे धैर्य अद्याप कोणास झालेले नाही.