गाळातला पाऊस

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘तुम्ही कुठे असता?’ म्हणजे आयटीत की फार्मात. मी म्हणते, ‘चिखलात.’ समोरच्या वहिनी आधी हसतात, मग जरा गोंधळतात. शेवटी सांगावंच लागतं की मी समुद्राच्या तळाचा गाळ धुते, चाळते आणि त्यातले दाणे निवडते. ‘एम.एस्सी. होऊन अमेरिकेत येऊन शेवटी निवडण-टिपणच नशिबी आलं की!’ असं एक काका म्हणाले होते. काकांचं फारसं चुकलं नाही. सासूबाईंनी तांदूळ निवडायची जी शिस्त लावली, ती मला प्रयोगशाळेत पुस्तकांहून जास्त उपयोगी पडली.

गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात मी हे काम करते आहे. जहाजावरून लांबलचक पोकळ पोलादी नळी, डोक्यावर वजन बांधून, समुद्रात सोडतात. ती तळात रुतते आणि वर येताना गाळाचा अखंड दंडगोल घेऊन येते. त्याला कोअर म्हणतात. सगळ्यात वरचा गाळ आजचा, खाली जावं तसा जुना. खोल समुद्रात हजार वर्षांत साधारण दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचतो. म्हणजे शिवरायांचा राज्याभिषेक माझ्या करंगळीच्या नखाएवढ्या खोलीवर!

आपल्या शेजारी, हडसनच्या काठी पॅलिसेड्सला लॅमाँट नावाची संस्था आहे. तिच्या भांडारात असे हजारो कोअर जपून ठेवले आहेत. संस्थेचे संस्थापक मॉरिस यूइंग यांचा दंडक असे की ‘वेमा’ जहाज कुठेही असो, रोज एक कोअर घ्यायचाच. त्या चिखलाचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, हे तेव्हा कोण सांगू शकलं असतं? आजीच्या फडताळातल्या बरण्यांसारखंच ते. ठेवलेलं असलं की कधीतरी लागतं.

गाळ बारीक चाळणीवर धुतला की चिकणमाती वाहून जाते आणि फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं उरतात, खसखशीहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक उचलायची. त्यातल्या एका जातीच्या कवचाचं वेटोळं डावीकडे वळतं आणि ती अतिथंड पाण्यात वाढते. उजवीकडे वळणारी तिची बहीण त्यामानाने उबदार पाण्यातली. डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा गणपती लांबून ओळखणाऱ्या बाईला हे काय अवघड! उत्तर अटलांटिकच्या गाळात एका थरात उजवी कवचं भरपूर दिसतात, आणि थोडं खाली गेलं की जवळजवळ सगळी डावी. मधल्या तेवढ्याशा गाळात समुद्र गारठलेला असतो.

मंडळी, हिमयुग म्हणजे काही दूरची गोष्ट नव्हे. एडिसनला लागून असलेलं मेटचन हे हिमयुगातल्या प्रचंड बर्फाच्या थराने जिथे थांबून दगडमाती टाकली, त्या टेकाडाच्या पट्ट्यावरच वसलं आहे. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी आपल्या पटेल ब्रदर्सच्या वाटेवर बर्फाची कड उभी होती म्हणा ना!

तो बर्फ नुसता बसून राहिला असता तर हकिगत तिथेच संपली असती. हार्टमुट हाइनरिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९८८ साली ईशान्य अटलांटिकच्या गाळातल्या खड्यांच्या थरांबद्दल लिहिलं. भर समुद्रात, जिथे कुठल्याही नदीचा हात पोचत नाही, तिथे खडे आले कुठून? तर हिमनगांनी आणले. पुढे गेरार्ड बाँड आणि सहकाऱ्यांनी हे थर अटलांटिकभर शोधले. त्यातला चुनखडीचा चुरा कॅनडातला निघाला. म्हणजे हडसन उपसागराकडच्या बर्फातून हिमनगांचे तांडेच्या तांडे सुटले होते, तेही पुन्हा पुन्हा.

हिमनग वितळले की समुद्रावर गोड्या पाण्याचा थर पसरतो. इथे खरी गोम आहे. अटलांटिकमध्ये उष्ण, खारट पाणी वरून उत्तरेकडे जातं, तिथे थंड होऊन जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परत येतं. वॉलेस ब्रोकर यांनी याला ‘कन्व्हेयर बेल्ट’ म्हटलं. गोडं पाणी हलकं. ते मिसळलं की बुडणं मंदावतं आणि पट्टा अडखळतो.

पण हजारो वर्षांपूर्वीचा प्रवाह मोजायचा कसा? समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात तयार होतात. थोरियम कणांना पटकन चिकटून काही दशकांत तळाशी जातं. प्रोटॅक्टिनियम शतकभर किंवा जास्तही पाण्यात रेंगाळतं. आपल्या लोकलचीच उपमा घ्या. थोरियम दादरला चढून ठाण्याला उतरणारा, तर प्रोटॅक्टिनियम कर्जतचा प्रवासी. प्रवाह चालू असला की प्रोटॅक्टिनियम अटलांटिकच्या बाहेर दक्षिणेकडे निघून जातं आणि इथल्या गाळात कमी सापडतं. गाडीच बंद पडली तर दोघंही एकाच फलाटावर उतरणार! जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या एका कोअरमध्ये हेच मोजून २००४ साली प्रसिद्ध केलं. सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी दोघांचं प्रमाण जवळजवळ मूळच्याइतकं झालं होतं. पट्टा बंदच पडल्यात जमा होता. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी तो पुन्हा जोरात सुरू झाला आणि उत्तरेकडची हवा झपाट्याने उबदार झाली.

मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं की घरातले ताटात बघतात. विषय अंगाशी आला तो धाकट्या भावाच्या फोनमुळे. तो सांगोल्याला आमची वडिलोपार्जित जमीन करतो. थोडं डाळिंब, बाकी ज्वारी. दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि एक गिऱ्हाईक दारात आलं. भाऊ म्हणाला, ‘अक्का, विकायची तर तुझी सही लागंल. पण आधी एक सांग. तुझ्या त्या चिखलात पाऊस दिसतो का गं?’

दिसतो. म्हणूनच मला उत्तर देणं जड गेलं. उन्हाळी मोसमी वारे जोरात असले की अरबी समुद्रात खालचं पोषक पाणी वर येतं, सूक्ष्म जीव माजतात आणि गाळ गडद होतो. वारे मंदावले की गाळ फिकट. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळच्या गाळावरून १९९८ साली जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की गेल्या १,१०,००० वर्षांत ग्रीनलंड गारठलं तेव्हा तेव्हा हा गाळ फिकट झाला. उत्तर अटलांटिक थंड पडला की पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. कॅनडाचा बर्फ सुटला आणि आमच्याकडचे ढग रुसले!

बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते. आई आयुष्यभर त्या वर्षाचं नाव काढून धान्य जपून वापरायची. खोल समुद्राच्या गाळात अशा एका वर्षाची सहसा रेघही उमटत नाही. तिथे दिसतो तो शतकानुशतकं रोडावलेला पाऊस. ‘हवामान काय, बदलतच असतं’ असं कोणी म्हणालं की मला ते फिकट थर आठवतात. बदलतं हे खरंच. पण काही वेळा ते माणसाच्या एका आयुष्यात बदललं आहे.

भावाला मी घाबरवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही. आज कॅनडावर तसा बर्फ नाही. २००४ पासून फ्लोरिडा ते आफ्रिकेपर्यंत उपकरणं लावून हा पट्टा सतत मोजला जातो आहे. तो सेकंदाला सरासरी सुमारे पावणेदोन कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो. या शतकात तो मंदावेल, पण २१०० पूर्वी एकाएकी कोसळणार नाही, असं आयपीसीसीने २०२१ च्या अहवालात म्हटलं, तेही मध्यम खात्रीनेच. त्यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. तापणाऱ्या जगात भारतातला मोसमी पाऊस एकूण वाढेल, पण लहरीही होईल, असा अंदाज आहे. मी त्याला म्हटलं, ‘पुढच्या साली पाऊस पडेल का, हे माझा गाळ सांगत नाही. आबांच्या वेळी पडला तसाच पडत राहील असं गृहीत धरू नको, एवढंच सांगतो.’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हंजे पाणी साठवायचं.’ मी सही केली ती जमिनीच्या विक्रीवर नाही, शेततळ्याच्या खर्चातला माझा वाटा म्हणून एका चेकवर.

सप्टेंबरात त्याने फोटो पाठवला. तळ्यात कमरेइतकं पाणी आणि काठावर राड्यात पाय रोवून उभा तो. खाली लिहिलं होतं, ‘अक्का, हा चिखल तुझ्या कामाचा नाय. ताजा हाय!’