छोटी लाईन आणि सात बिंदू

ऐंशीच्या दशकात नागभीडहून नागपूर गाठायचे तर आमच्यासाठी नॅरो गेजची छोटी लाईन होती. इतवारीला उतरायचे, ग्रंथालयात बसून सिमन्स नाहीतर मंक्रेस यांचे टोपॉलॉजीचे पुस्तक वहीत उतरवून काढायचे आणि परतीची गाडी पकडायची. झेरॉक्स परवडत नसे. 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण तिथल्या सिरोंच्याच्या पोरालाही विद्यापीठ नागपूरचेच.

त्या वह्यांतले एक पान अजून डोळ्यांपुढे आहे. 0 ते 6 असे सात बिंदू. प्रत्येक बिंदू अ धरून दोन त्रिकोण लिहायचे: अ, अ+1, अ+3 आणि अ, अ+2, अ+3. सहाच्या पुढे गेलो की पुन्हा शून्यापासून मोजायचे. असे 14 त्रिकोण होतात, 21 कडा होतात आणि प्रत्येक कड नेमक्या दोन त्रिकोणांत येते. सगळे जोडले की डोक्यावरच्या चुंबळीसारखा आकार तयार! एक अख्खा वक्र पृष्ठभाग चौदा ओळींच्या यादीत मावतो, याचे तेव्हा केवढे अप्रूप वाटले होते.

यातले पहिल्या प्रकारचे सातच त्रिकोण घेतले, तर कोणतेही दोन बिंदू नेमक्या एका त्रिकोणात सोबत येतात. असल्या रचना हा गणिती शरदचंद्र श्रीखंडे यांचा प्रांत. ते नागपूरच्याच विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलेही. 1959 मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचे ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान मोडीत काढले. आम्हाला त्याचा कोण अभिमान!

आमची धाव मात्र तिथवरच. पुढचे जगात केव्हाच होऊन गेले होते, फक्त आमच्या गाडीने आले नव्हते. हॉफ यांनी 1931 मध्ये त्रिमितीय गोलावरून द्विमितीय गोलावर जाणारे एक चित्रण, म्हणजे बिंदूला बिंदू नेमून देणारा नियम, दिले. कितीही ताणले, सरकवले तरी ते एका बिंदूवर आकसत नाही, आणि अशा चित्रणांचे प्रकार अनंत आहेत. पण दोन्ही गोल वर एक आणि खाली एक अशा नव्या बिंदूंना सांधून एकेका मितीने वाढवले, की दोनच प्रकार उरतात. पुढे कितीदाही वाढवा, दोनाचे तीन होत नाहीत. हे असे स्थिरावणे नेहमीच घडते, हे फ्रॉयडेंथाल यांनी 1937 मध्ये दाखवले. या स्थिरावलेल्या रूपाचा अभ्यास म्हणजे स्थिर होमोटॉपी. ही दुनियाही निव्वळ याद्यांतून, म्हणजे कोणता तुकडा कोणत्या कडेला चिकटतो एवढ्या नोंदींतून उभी करता येते, हे डॅनियल कान यांनी 1963 मध्ये मांडले. 2000 साली होवी, शिप्ली आणि स्मिथ यांच्या सिमेट्रिक स्पेक्ट्रम नावाच्या रचनांनी या दुनियेतला गुणाकार नीट बसवला. त्याच वर्षी चंडीगडच्या मदाहर आणि सरकारिया यांनी हॉफचे चित्रण बारा बिंदूंच्या गोलावरून चार बिंदूंच्या गोलावर असे आणून ठेवले. म्हणजे आमच्या वहीच्या एका पानाचाच ऐवज!

आता 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. छोटी लाईन ब्रॉड गेजसाठी 2019 मध्ये बंद झाली. ज्या निबंधाचे नाव ऐकायला आम्हाला वर्षे लागली असती, तो ब्रह्मपुरीची मुलगी फोनवर उघडून दाखवते. याद्यांची आकडेमोड संगणक करतो. ते दिवस बरे होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. पुस्तकासाठी गाडी पकडण्यात पुरुषार्थ कसला? आमची हुशार मंडळी त्या फेऱ्यांतच दमली.

एकच मागणे आहे. संगणकाला विचारण्याआधी एकदा कागद घ्या आणि ते चौदा त्रिकोण स्वतः लिहा. बिंदूंतून कडा वजा करा, त्रिकोण मिळवा: 7 − 21 + 14. उत्तर शून्यच येते, आणि चुंबळीसाठी ते शून्यच यायला हवे.