पौषांतील एक कोंकणयात्रा

तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत श्रीराम लंकेहून परततांना पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो, तो भाग मीं किती वर्गांपुढें वाचला असेल याची गणती नाहीं. खडूनें लाटा, फेंस आणि किनाऱ्यावरील ताडांची काळी रेघ मी फळ्यावर काढून दाखवीत असें. परंतु ज्या मास्तरानें शेंकडों मुलांना समुद्र फळ्यावर दाखविला, त्यानें स्वतःच्या कुटुंबाला तो एकदांही प्रत्यक्ष दाखविला नव्हता! ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं जेवतांना उघडकीस आली. "मुंबईला गेलें होतें खरें, पण दवाखान्यांतून परत. खिडकींतून समोरच्या इमारतीच दिसायच्या," असें सौ. शांतपणें म्हणाली, आणि माझ्या पानांतली भाकरी तशीच राहिली.

निमित्तही आयतेंच आलें. आमचें मूळ घर दापोली तालुक्यांत समुद्रकांठच्या एका लहान गांवीं आहे. गांवाचें नांव मुद्दाम लिहीत नाहीं. घरची गोष्ट आहे. पणजोबा भिक्षुकीच्या निमित्तानें घांट चढून नगरास आले ते तेथेंच राहिले. घर, त्यामागची नारळी-पोफळींची वाडी आणि वरच्या अंगाचीं चार आंब्याचीं झाडें मात्र अविभक्तच राहिलीं. आज त्यांचे पांच वांटेकरी आहेत. त्यांपैकीं ठाण्याच्या चुलतभावाचा दूरध्वनि आला कीं, समुद्राजवळची जागा म्हणून एक गिऱ्हाईक चांगली किंमत देत आहे; संक्रांतीनंतर दापोलीस दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जमून सह्या करावयाच्या. काम, आप्तेष्टांच्या भेटी आणि समुद्रदर्शन असा त्रिवेणी योग पाहून आम्ही उभयतां पौषांत निघालों.

आमच्या नगराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; अहिल्यादेवी होळकर ह्या ह्याच जिल्ह्यांतील चोंडीच्या. परंतु जिभेचें वळण साठ वर्षांचें आहे, तेव्हां मी 'नगर' म्हटलें तर वाचकांनीं क्षमा करावी. पौषांत हें गांव मोठें सुखाचें असतें. कोरडी थंडी, हुरड्याचे दिवस आणि अंगणांतलें कोवळें ऊन. असें ऊन सोडून जावयाचें म्हणजे जिवावर येतें. सौ.नें कोंकणांत द्यावयासाठीं बाजरी, शेंगदाणे, गुळाच्या पोळ्या आणि तिळगूळ यांचें गांठोडें बांधलें. एस.टी.मध्यें पासष्टी ओलांडलेल्यांस अर्धें तिकीट आणि २०२३ सालापासून स्त्रियांस सरसकट अर्धें. म्हणजे दोघें मिळून आम्ही एक पूर्ण प्रवासी झालों. "लग्नांत भटजींनीं सांगितलें तें आज कंडक्टरासही पटलें," असें मीं म्हणतांच सौ. मनापासून हंसली. प्रवासाचा शकुन चांगला झाला.

पुण्यास मुलीकडे एक रात्र राहून दुसऱ्या दिवशीं पहाटे ताम्हिणी घांटाची गाडी धरिली. मुळशीचें निळें पाणी दिसूं लागलें तेव्हां मला आमच्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आठवले. टाटांच्या वीज-योजनेच्या धरणासाठीं ह्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां १९२१ सालीं येथें सत्याग्रह झाला. त्याचें पुढारीपण बापटांनीं केलें, आणि 'सेनापति' हें नांव त्यांस ह्याच लढ्यानें दिलें. धरण व्हावयाचें तें झालेंच. परंतु पिढ्यान् पिढ्यांची जमीन सोडतांना माणसांस काय वाटलें असेल, हा विचार त्या पाण्याकडे पाहतांना मनांत आला, आणि पिशवींतलीं माझीं कागदपत्रें उगीचच जड वाटूं लागलीं.

घांट उतरूं लागलों तशी हवाच पालटली. आमच्याकडे वर्षाकाठीं वीस-बावीस इंच पाऊस. सह्याद्रीच्या ह्या अंगास शंभर इंचांहूनही कितीतरी अधिक. पश्चिमेकडून आलेले ढग पर्वत अडवून धरतो आणि आपलें देणें उतरणीवरच रितें करतो. उरलें-सुरलें तें आम्हां देशावरच्यांस. माणगांव, महाड मागें टाकून दुपारीं दापोलीस पोंचलों. गुळाच्या पोळ्या अजून मऊच होत्या.

दापोलीस सौ.च्या मावसबहिणीचें बिऱ्हाड आहे. तिचे यजमान तेथील कृषि विद्यापीठांतून निवृत्त झालेले. आमच्या जिल्ह्यांत राहुरीस एक कृषि विद्यापीठ, आणि १९७२ सालीं स्थापन झालेलें हें दुसरें. तिकडे ऊंस, ज्वारी आणि पाण्याची काटकसर. इकडे भात, आंबा, काजू आणि वाहून जाणारी माती धरून ठेवण्याची विवंचना. दोघांनाही पावसाचीच तक्रार, एकास थोडा म्हणून, दुसऱ्यास फार म्हणून!

मास्तराच्या दृष्टीनें हा तालुका म्हणजे तीर्थक्षेत्रच. साने गुरुजींचें पालगड येथलेंच. लोकमान्यांचें मूळगांव चिखलगांव तेंही येथलेंच. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्याच दापोलीच्या शाळेंत शिकले आणि पुढें धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड त्यांनीं १९३० ते १९६२ ह्या काळांत लिहून पुरे केले. आणि मुरुड तर अण्णासाहेब कर्व्यांचें. आम्ही दुसऱ्या दिवशीं मुरुडास गेलों. गांवांतून जाणारा तो सरळ रस्ता, दोहों बाजूंस पोफळींच्या वाड्या, दुर्गादेवीचें देऊळ, सगळें स्वच्छ आणि निवांत. येथूनच १८७५ सालीं अण्णा आपल्या सोबत्यांसह भर पावसांत परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं गेले. शंभर मैलांहून अधिक चाल. तेथें गेल्यावर, हा मुलगा वयानें लहान दिसतो, एवढ्यावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पायपीट फुकट गेली, परंतु मुलगा फुकट गेला नाहीं. पुढें १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां ह्याच गांवानें त्यांस बहिष्कृत केलें. तेंच गांव आज त्यांच्या नांवानें ओळखिलें जातें. समाज चुकतो आणि उशिरानें कां होईना सुधारतो, हें मीं सौ.स सांगितलें. ती म्हणाली, "सुधारतो खरा, पण तोंवर ज्याचे हाल व्हायचे त्याचे होऊन जातात."

देवळापासून थोडें चालून गेलों, सुरूचीं झाडें ओलांडलीं, आणि समुद्र दिसला. मी मनांतल्या मनांत तेरावा सर्ग जुळवूं लागलों. सौ. मात्र पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग चपला हातांत घेऊन घोट्याइतक्या पाण्यांत गेली, आणि मागें वळून म्हणाली, "अहो, येवढें पाणी! आणि आपल्याकडे टँकरच्या मागें हंडे घेऊन धांवायचें." कालिदासाला ही उपमा सुचली नसती, कारण तो आमच्या बाजूस उन्हाळ्यांत राहिला नव्हता. सायंकाळीं हर्णैस गेलों. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. आम्ही नाकाला पदर-रुमाल लावून दुरूनच तो गलबला पाहिला. पाण्यांत सुवर्णदुर्ग मावळतीच्या उन्हांत तांबूस दिसत होता. कान्होजी आंगऱ्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५५ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांच्या साहाय्यानें आंगऱ्यांकडून घेतला. घरच्या भांडणांत बाहेरच्यास बोलाविलें म्हणजे कालांतरानें घर कोणाचें होतें, हें त्या तटाकडे पाहून कोणासही समजावें.

तिसरे दिवशीं संक्रांत. त्या दिवशीं मूळ घरीं गेलों. तेथें माझ्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नी एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मी त्या घरीं सतरा वर्षांनीं पाऊल टाकीत होतों. वहिनींनीं गूळ-पाणी पुढें ठेविलें, आणि "भाऊजी, केस पिकले हो तुमचे," एवढेंच म्हणाल्या. सौ.नें गांठोडें सोडलें आणि संक्रांतीचें वाण पहिल्यानें वहिनींच्याच हातीं दिलें. वहिनी क्षणभर चांचरल्या. "मला कशाला ग?" "मोठ्या जाऊबाईंना सोडून कोणाला देऊं?" असें म्हणून सौ.नें त्यांना वांकून नमस्कार केला.

दुपारीं वाडी पाहावयास गेलों. पोफळीला हिंवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत शिंपण चुकवून चालत नाहीं. पंप आहे, परंतु वीज जाते तेव्हां वहिनी कळशीनें रोपांना पाणी घालतात. सुपारी उतरावयास गडी मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं. हें सर्व त्या तक्रारीच्या स्वरांत नव्हे, पाककृति सांगाव्यात तसें सांगत होत्या.

आतां माझ्या लाजेची गोष्ट. दर दिवाळीनंतर आमच्याकडे नगरास एस.टी.च्या पार्सलानें एक पोतें येतें. त्यांत नारळ, आमसुलें, फणसपोळी. मीं त्यास 'वांट्याचे नारळ' म्हणत आलों. रात्रीं सौ.नें सहज विचारलें तेव्हां वहिनींनीं फडताळांतून एक जुनी वही काढिली. पांचही वांटेकऱ्यांचीं नांवें, वर्षवार नारळांची संख्या, पार्सलाचें भाडें. शेवटच्या रकान्यांत शिंपणाची व गड्याची मजुरी, घराच्या कौलांचा खर्च. तो सारा खर्च एकाच नांवावर होता, वहिनींच्या. वीस वर्षांत आम्हां चौघांपैकीं कोणीं एक रुपया पाठविला नव्हता. मी दुसऱ्यांच्या मुलांस व्याकरणांतले अपवाद पाठ करवीत राहिलों, आणि स्वतःच्या घरचा साधा हिशेब मला येत नव्हता.

"भाऊजी, परवां सही आहे ना?" वहिनींनींच विषय काढिला. "ठाण्याहून फोन आला होता. कचेरींत या म्हणाले."

"तुम्हांस काय वाटतें, तें विचारलें कोणीं?"

"मला काय विचारायचें? सगळ्यांचें ठरलें म्हणजे ठरलें."

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. मिताक्षरेच्या मतें अविभक्त कुटुंबांतील विधवेस केवळ पोटगी. १९३७ च्या कायद्यानें तिला हयातीपुरता हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें तिला वारसा आणि पूर्ण मालकी दिली. काण्यांच्या तालुक्यांत जन्मलेल्या घराण्यांतील शिकलेल्या पुरुषांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. पांचवा वांटा वहिनींचा, म्हणून पांचवी सही वहिनींची, हें सर्वांनीं बरोबर हिशेबांत धरलें होतें. फक्त त्यांची इच्छा कोणीं धरली नव्हती. मींही नाहीं.

सकाळीं मी कांहीं बोलण्यापूर्वींच सौ. म्हणाली, "पैसे आले तर नको आहेत असें नाहीं. छत गळतें आपलें. पण सही तुम्ही करणार असलांत तर मी कचेरीच्या बाहेर उभी राहीन."

मीं वहिनींस स्पष्ट विचारलें. त्यांनीं पुष्कळ वेळानें उत्तर दिलें, "मरेपर्यंत इथें राहूं द्या. मग काय तें करा."

ठरल्या दिवशीं मी दापोलीस गेलों, आणि चुलतभावांसमोर सही करण्याचें नाकारलें. वहिनींच्या हयातींत घर विकूं नये, आणि वाडीचा खर्च पांचही वांट्यांवर पडावा, असें मीं सुचविलें. एकानें लगेच मान्य केलें. दुसऱ्यानें विचार करतों म्हटलें. ठाण्याचा भाऊ रागानें उठून गेला. तो अद्याप माझ्याशीं बोलत नाहीं. त्याच्याही घरीं मुलाच्या शिक्षणाचें कर्ज आहे, हें मला ठाऊक आहे. त्यामुळें मी त्यास दोष देऊं शकत नाहीं, आणि त्याचा राग मला बोंचतोही.

परत येतांना वहिनींनीं पोतें बांधलेंच. ह्या वेळीं त्याचें भाडें मीं दिलें, आणि नगरास पोंचतांच शिंपणाच्या मजुरीचा माझा पांचवा हिस्सा त्यांस पाठविला. तो आतां दर महिन्यास जातो. छत ह्या पावसाळ्यांतही गळणारच. वैशाखांत पुन्हा जावयाचें ठरलें आहे. वहिनींस बाजरीची भाकरी थापतां येत नाहीं, ती शिकवावयाची राहिली, असें सौ.चें म्हणणें, आणि समुद्रही, तिच्या मतें, एका खेपेंत पाहून होत नाहीं.