पडदा कुणाच्या ताब्यात?

कॉम्प्युटर सुरू केला की कंपनीचा लोगो येतो, मग क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो आणि मग लॉगिनची खिडकी उघडते. त्या काळ्या क्षणाकडे आपण कधी ढुंकूनही बघत नाही. चहा आणायला उठतो. पण त्या अर्ध्या-एक सेकंदात पडद्याचा मालक बदललेला असतो, आणि हे हस्तांतर फसलं की काय होतं ते नुकतंच घरी अनुभवलं. म्हणून या विकांताला हा विषय.

लोगो दाखवतो तो मशीनमधला यूईएफआय फर्मवेअर. त्याच्याकडे ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल नावाची सोय असते. ती ऑपरेटिंग सिस्टिमला एवढंच सांगते, की मेमरीत अमुक पत्त्यावर अमुक रुंदीचा, अमुक उंचीचा पट्टा आहे, तिथे लिहा, पडद्यावर दिसेल. एकदा सिस्टिमने कारभार हाती घेतला की रेझोल्यूशनही बदलता येत नाही. लिनक्समध्ये या पट्ट्यावर एक अगदी साधा ड्रायव्हर येऊन बसतो. पूर्वी ईएफआयएफबी असायचा, २०२१ मध्ये ५.१४ या कर्नलबरोबर सिंपलडीआरएम आला. मग खरा ड्रायव्हर येतो, इंटेलचा आय-९१५ किंवा एएमडीचा एएमडीजीपीयू, ज्याला ते कार्ड आतून-बाहेरून माहीत आहे.

आता एका हार्डवेअरवर दोन ड्रायव्हर. दोघंही लिहायला लागले तर सगळाच गोंधळ. म्हणून नवा ड्रायव्हर कर्नलला सांगतो, हा पत्ता माझा, इथे जो कोणी बसलाय त्याला उठवा. आणि उठवतात! विनंती नाही, नोटीस पीरियड नाही, केटी तर नाहीच. (हिंजवडीतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल.) मधल्या काळात टेक्स्ट कन्सोल 'डमी डिव्हाइस' नावाच्या एका गृहस्थाकडे सोपवलेला असतो. त्याचं काम काहीही न दाखवणं. ही ओळ बूटच्या लॉगमध्ये चक्क छापून येते, कधी सवड झाली तर शोधा.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडेही नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकताना पडदा मिटतो आणि उघडतो, तो हाच प्रकार. मात्र २०१२ साली विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक नियम केला तो मला मनापासून आवडतो. थांबणाऱ्या ड्रायव्हरने पडदा चालू स्थितीत ठेवायचा, त्याची मापं सांगायची आणि बेसिक डिस्प्ले ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. म्हणजे जाणाऱ्याने घराची किल्ली देऊन जायचं. शिवाय २००७ च्या व्हिस्टापासून, कार्ड दोन सेकंद उत्तर देईनासं झालं तर विंडोज त्याला स्वतःच झटकून पुन्हा उभं करते.

लिनक्सकडे किल्ली देण्याची पद्धत होती, पण ती फार भाबडी होती. २००९ आधी कार्ड चालवायचं ते एक्स सर्व्हरने, म्हणजे कर्नलच्या बाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमने. तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबलं की कर्नल एक्सला सिग्नल पाठवायचा, 'बाबा रे, पडदा सोडतोस का?' एक्सने कार्ड पूर्वीच्या स्थितीत आणून 'सोडला' म्हटलं की मगच काळा कन्सोल दिसायचा. एक्स स्वतःच लटकला असेल तर विचारणार कुणाला? बसा बोंबलत. २००९ मध्ये २.६.२९ या कर्नलमध्ये इंटेलच्या कार्डांसाठी मोड ठरवण्याचं काम कर्नलच्या आत आलं, मग बाकीचे मागोमाग आले. आता 'मास्टर' एका वेळी एकच, आणि तो कोण हे कर्नलला माहीत असतं.

तरी एक फट राहतेच. आधी जुन्याला बाहेर काढायचं आणि मग नव्याने कामाला लागायचं, हा क्रम आहे. नव्याचं काम मध्येच अडलं तर? जुना गेलेला, नवा उभा राहिलेला नाही, परत बोलावणारं कोणी नाही. पडदा काळाच.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. रीडेव्हलपमेंटचा घोळ गेलं वर्षभर चालू आहे. बिल्डरांचे प्रस्ताव, सभासदांची संमतीपत्रं, ठराव, पत्रव्यवहार, सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर, ज्यावर लिनक्स आहे. रविवारी सर्वसाधारण सभा आणि शनिवारी सकाळी अपडेटनंतर लोगो आला, गेला आणि अंधार. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा दाबला की लागतोय. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त तोंड झाकलंय.

यावर जुना उतारा आहे. बूटच्या मेनूत जाऊन कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहायचं. त्याचा अर्थ खऱ्या ड्रायव्हरांनी येऊच नये, फर्मवेअरने दिलेल्या पट्ट्यावरच भागवू. "आधी सगळं पेनड्राइव्हवर घे, मग काय ती डॉक्टरकी कर," असं बाबांनी बजावलं, म्हणून मी थेट टेक्स्ट मोडमध्ये गेलो. पडदा उजळला. फोल्डरांची यादी मागवली आणि नावांच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन.

बाबा मागे उभे होते. काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "गेलं ना रे सगळं?"

म्हटलं, "नाही हो बाबा, फायली धड आहेत. या काळ्या पडद्याला मराठी दाखवता येत नाही, एवढंच."

"का येत नाही? आमच्या ऑफिसात एक्याण्णव साली यायचं की."

आणि हे खरं आहे! बाबा जिस्ट कार्डाबद्दल बोलत होते. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ते काम मोहन तांबे यांच्याबरोबर १९८८ मध्ये पुण्यात नव्याने निघालेल्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅक म्हटलं की लोकांना परम आठवतो. माझ्या मते सरकारी टेबलांवर जास्त फरक जिस्टने पाडला. त्या काळच्या पीसीचा टेक्स्ट पडदा म्हणजे ८० बाय २५ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. सगळा पडदा ४००० बाइटमध्ये. 'क्ष्म' किंवा 'र्त्य' त्या एका चौकटीत कसा बसवणार? जिस्टने ही कामगिरी पीसीत खोचायच्या एका वेगळ्या कार्डावर टाकली. वर्डस्टार किंवा डीबेस आपलं नेहमीसारखं अक्षरांचे कोड लिहितायत आणि पडद्यावर जोडाक्षरांसकट देवनागरी उमटतेय. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल नाही. कोडांसाठी इस्कीचं प्रमाण, जे १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. पडद्याचा ताबा बदलला आणि वर बसलेल्याला पत्ताही लागला नाही. हस्तांतराचा इतका सुबक नमुना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

उलट आजचा लिनक्सचा कन्सोल. त्याच्या फॉण्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बसतात, आणि मात्रा-जोडाक्षरं जुळवण्याचं ज्ञान त्याला नाही. ती कामं ग्राफिक्सवाल्या जगात होतात. म्हणजे पडदा जोवर वरच्यांच्या ताब्यात आहे तोवर मराठी आहे, संकटकाळी खालच्या पायरीवर उतरलात की नाही.

पेनड्राइव्ह भरून झाल्यावर फक्त 'नोमोडसेट' ठेवून पुन्हा सुरू केलं. डेस्कटॉप आला, गोगलगाईच्या वेगाने का होईना, पण नावं जशीच्या तशी. बाबांनी एक-एक फाईल उघडून पाहिली, अकरा संमतीपत्रं मोजली आणि मगच चहा घेतला. रविवारी सभा झाली, वादावादीही रीतसर झाली. ड्रायव्हरचा बिघाड पुढच्या अपडेटने गेला.

परवा सहज त्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत होतो. 'ठराव', 'पत्रव्यवहार', 'संमतीपत्रे', सगळ्या फोल्डरांची नावं बाबांनी एकेक करून इंग्रजी अक्षरांत बदलून टाकली आहेत.