सैल होण्याचं काम

“डॉक्टर, पंपिंग साठ टक्के आहे म्हणतात. मग आईला दम कशाने लागतोय?” एकोच्या खोलीबाहेर हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो. साठ टक्के हे परीक्षेतले गुण नव्हेत. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर गेलं, त्याचा तो हिशेब. निरोगी माणसाचाही एवढाच येतो. पण कप्पा भरताना किती ओढाताण झाली, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. साधारण ०.३ आकुंचनाला, उरलेले ०.५ सैल होऊन भरून घ्यायला. सैल होणं म्हणजे विश्रांती, असं विद्यार्थी असताना मीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आकुंचनासाठी पेशीत सुटलेलं कॅल्शियम दर ठोक्याला पुन्हा साठ्यात ओढून घ्यावं लागतं आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. दुबळ्या हृदयात नेमकं हेच काम आधी रेंगाळतं.

त्यात वाढलेल्या रक्तदाबाची भर पडते. हृदयाने ढकललेली दाबाची लाट धमन्यांच्या फाट्यांवरून परत फिरते. धमन्या लवचीक असतील तर ती हृदय सैल झाल्यावर पोचते. कडक झाल्या असतील तर लवकर येते, आकुंचन संपत आलेलं असतानाच. थकत आलेल्या स्नायूवर ऐनवेळी पडलेला हा भार सैल होणं लांबवतो. निरोगी हृदय तो बराचसा निभावून नेतं, आजारी हृदयाला ते जमत नाही. कप्पा पुरता मोकळा झालेला नसतानाच रक्त आत यायचं, म्हणजे मागून जास्त दाब हवा. तो दाब थेट फुप्फुसांपर्यंत पोचतो. धाप लागते ती इथून.

अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलमच्या डॉक्टरांनी २००१ साली ३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब भडकून फुप्फुसांत पाणी झालेली ही माणसं. वरचा दाब सरासरी २००. ऐन त्रासात एको केला आणि उपचारानंतर एक ते तीन दिवसांनी पुन्हा. पंपिंगचा आकडा दोन्ही वेळा सरासरी ५० टक्केच! म्हणजे अडचण बहुधा ढकलण्यात नव्हती, भाराखाली सैल होण्यात होती. म्हणून अशा रात्री केवळ लघवीच्या इंजेक्शनवर विसंबणं मला पटत नाही. नायट्रोग्लिसरीनने भार उतरवला की पुष्कळदा तासाभरात रुग्ण पूर्ण वाक्य बोलायला लागतो.

पंपिंगचा तो प्रश्न विचारणाऱ्या एका मुलाच्या आईला मी डाव्या कुशीवर झोपवलं आणि हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याने तीन मिनिटं दाबून धरायचं. १३४ चा दाब १६८ वर गेला. सैल होताना स्नायू मागे सरकतो, त्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर होता, तो ४ वर आला. पंपिंग होतं तेवढंच. “छातीत भरल्यासारखं होतंय,” बाई म्हणाल्या, “जिन्यावरून बादली नेताना होतं ना, अगदी तसंच.”

मी यंत्र काढून घेतलं. मुलगा पडद्याकडे बघत होता. दाब उतरू लागला, सैल होण्याच्या वेगाची लाट हळूहळू मोठी होत गेली. “बादली आता तू न्यायचीस,” मी त्याला म्हटलं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.